बटण हिरवंच राहिलं

ठकीचं वजन दोन महिन्यांत साठ ग्रॅमनं वाढलं होतं. मुलांच्या डॉक्टरांनी तक्त्यावर पेनानं एक टिंब काढलं, ते मागच्या टिंबाला जोडलं आणि म्हणाले, "बघू या पुढच्या वेळी." डॉक्टर 'बघू या' म्हणाले की समोरच्या आईची झोप उडते, हे त्यांना बहुधा कुणी शिकवत नाही. ठकीच्या आईनं त्या रेषेचा फोटो काढून घेतला आणि पुढे पंधरा दिवस, येता-जाता, तो बोटांनी मोठा करून पाहिला. मोठा करून रेष काही वर चढली नाही.

बाई मुळातच काळजीखोर. घरातल्या एकूण एक प्लगला झाकण, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. ठकी सहा महिन्यांची असताना सासूबाईंनी तिला फोनवर कुठलंसं गाणं दाखवलं, तेव्हा तिनं दोन पानं छापून फ्रिजवर चुंबकानं लावली. "आई, यावर अभ्यास झालेत. तीन वर्षांची होईपर्यंत स्क्रीन नको म्हणजे नको." सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही पानं उभ्याउभ्या वाचली, "बरं बाई" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून नात मांडीवर आली की त्यांचा फोन उशीखाली जायला लागला.

म्हणूनच गोगलगाईची गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

ती होती लहान मुलांच्या एका मालिकेतली. पाठीवर टपालाची पिशवी घेऊन गावभर हिंडायची. प्रत्येक भागात एक पत्र, आणि ते पोचेपर्यंत पत्रातलं काम उरकून गेलेलं असायचं. अकरा मिनिटांचा खेळ. गोगलगाय एकेका दारापाशी थांबली की ठकी आपण होऊन तोंड उघडायची. अकरा मिनिटांत चौदा चमचे. एरवी त्याच वाटीला पाऊण तास लागायचा आणि अर्धी वाटी भिंतीला लागायची. ठकीची आई घरून काम करायची त्या दिवशी सासूबाई साडेदहाला फिरायला म्हणून जात, त्या बारापर्यंत येत नसत. घरातली मोठी स्क्रीन बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर. त्यामुळे गोगलगाय यायची ती आतल्या खोलीत, दार लोटून, ऑफिसच्या लॅपटॉपवर. ठकी अजून धड वाक्य बोलत नव्हती, म्हणून चाललं होतं.

मग एका पहिल्या तारखेला गोगलगाईच्या जागी काळी चौकट आली. 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.'

"गाय?" ठकीनं विचारलं.

"गाय गावाला गेली."

ठकीनं तोंड मिटलं ते मिटलंच. तीन दिवस. चौथ्या दिवशी ठकीच्या आईनं शोधाशोध केली. उपाय हाताशीच होता आणि फुकट होता. ब्राउझरमध्ये एक छोटं बटण बसवायचं. ते राखाडी असलं की आपण आपल्या घरात. दाबून हिरवं केलं की जगाला वाटतं, आपण दुसऱ्याच देशात बसलोय. व्हीपीएन, अर्धं जग वापरतं. अटींची बावीस पानं होती. औषधाचा कागद शेवटपर्यंत वाचणारी बाई, तिनं एकही पान न वाचता 'मान्य' दाबलं. देशांच्या यादीतला दोन समुद्रांपलीकडचा एक देश निवडला, आणि गोगलगाय परत पिशवी घेऊन रस्त्याला लागली. ठकीनं तोंड उघडलं.

त्या क्षणी तिला आपण चोरी करतोय असं वाटलं नाही. आपण हुशार आहोत असं वाटलं.

आता ऑफिसचं. ती एका मोठ्या दवाखान्याच्या पत्र-विभागात काम करायची. डॉक्टर रोगी तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवतात. ते कानाला लावून ऐकायचं, पायाखालच्या पेडलनं थांबवायचं, मागे घ्यायचं, आणि पत्र टाइप करायचं. सहा बायका होत्या. दोन दिवस ऑफिसात, तीन दिवस घरून. एक डॉक्टर बोलताना सफरचंद खात, एक मध्येच ड्रायव्हरला रस्ता सांगत, आणि तो रस्ता एकदा एका पत्रात गेलासुद्धा होता. या सगळ्यांत जुन्या माई. निवृत्तीला अकरा महिने राहिलेल्या, केस पांढरे, टाइपिंग असं की पावसाची सर. ठकीची आई नवीन लागली तेव्हा आजारांची नावं ऐकून रडकुंडीला यायची. माईंनी तिला शेजारी बसवून एकेक शब्द ऐकायला शिकवला.

त्या खोलीत एक रीत होती. तिला 'हात देणं' म्हणत. कुणाचं मूल आजारी, कुणाला बँकेत जायचंय, की जिचं काम संपलं असेल तिनं दुसरीच्या नावानं आत शिरून तिची पत्रं उरकायची. पासवर्ड एकमेकींना पाठ. नियमात हे बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांना मुलं नसावीत, असं माई म्हणत. ठकी झाल्यावरच्या पहिल्या वर्षात माईंनी दिलेले हात मोजले तर माईंना दोन हात अपुरेच पडले असते. आणि प्रत्येक वेळी त्यांचा एकच प्रश्न: "ठकी जेवली का?"

त्या मंगळवारी माईंना डोळे दाखवायला जायचं होतं. डोळ्यांत थेंब घातले की दिवसभर अक्षर दिसत नाही. त्यांनी आदल्या दिवशीच फोन केला. "तीनच पत्रं आहेत गं तातडीची. जमेल का?"

"माई, विचारता काय."

मंगळवारी अकरा वाजता ठकीनं बारा चमचे खाल्ले, तेराव्याला ठसका लागला आणि सगळं बाहेर आलं. कपडे, सतरंजी, आईचे केस. तिनं लेकीला उलटं धरलं, पाठ चोपली, धुतलं, कपडे बदलले, छातीला कान लावून श्वास ऐकला, पुन्हा ऐकला. ठकी खांद्यावर झोपली. अकरा वीसला तिनं एका हातानं लॅपटॉप ओढला, माईंच्या नावानं आत गेली आणि ओल्या केसांनी तिन्ही पत्रं उरकली. रोज ती आधी बटण राखाडी करायची, मगच काम उघडायची. दारं-खिडक्या तपासावीत तसं दोनदा पाहायची. त्या दिवशी पाहिलं नाही. बटण हिरवंच राहिलं.

बुधवार ऑफिसचा दिवस. ती पोचली तर माईंच्या टेबलावर नुसती धुळीची चौकट. संगणक उचलून नेलेला.

"ऐकलंस का," सफरचंदवाल्या डॉक्टरांची पत्रं करणारी शेजारीण खुर्ची सरकवत आली. "माईंच्या नावानं काल कुणी तरी परदेशातून फायली उघडल्या. अकरा वीसला. आयटीवाला सकाळपासून बसलाय विभागप्रमुख बाईंच्या केबिनमध्ये. म्हणे रोग्यांची माहिती विकतात लोक."

"माई विकतील?"

"मी कुठे म्हटलं. पण पासवर्ड तर त्यांचाच ना."

अकरा वीस. ठकीच्या आईला मंगळवारचे ओले केस आठवले. ती उठून प्रसाधनगृहात गेली, नळ सोडला आणि आरशात न बघता उभी राहिली. हिरवं बटण डोळ्यांसमोरून हलेना. आत्ता जावं, आत्ताच्या आत्ता केबिनचं दार वाजवावं. मग बाई विचारतील, कशासाठी? आणि ती काय सांगणार? ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेळात, सासूला चोरून, लेकीला गोगलगाय दाखवत होते?

माणूस मोठ्या गुन्ह्याला कबूल होईल एक वेळ, पण हसू होईल अशा गोष्टीला जीभ उचलत नाही.

ती बाहेर आली तेव्हा माई केबिनसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"काय झालं, माई?"

"चौकशी. शुक्रवारपर्यंत घरी बसा म्हणाल्यात. दहाला परत बोलावलंय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"आठवत नाही म्हटलं." माईंनी तिच्याकडे पाहिलं. थेंबांमुळे डोळे अजून लाल होते. "मी हात देण्याचं बोलले नाही. सगळ्यांचीच पंचाईत होईल." मग म्हणाल्या, "ठकी जेवते का आता?"

"जेवते," ती म्हणाली.

एवढंच. माई उठल्या, पर्स काखेत धरून जिना उतरून गेल्या, आणि ती धुळीच्या चौकटीशेजारी बसून पाच वाजेपर्यंत डॉक्टरांचे आवाज ऐकत राहिली. पेडलवरचा पाय सारखा मागेपुढे होत होता, त्यामुळे प्रत्येक डॉक्टर त्या दिवशी तोतरा बोलला.

घरी गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर ते बटणच काढून टाकलं. काढल्यावर लक्षात आलं, आपण आत्ता पुरावा पुसला. तोवर ती आपण घाबरलोय असंच समजत होती. आता दुसरा शब्द सापडला: लपवतोय.

संध्याकाळी नवरा भांडी विसळत होता, तेव्हा तिनं त्याला सांगितलं. पण तेही काटछाट करून: माईंचं काम आपण केलं, नेटवर काही तरी गडबड झाली, आळ माईंवर आलाय.

"तुझं नाव कुठे आहे का त्यात?"

"नाही."

"मग?"

"मग काय?"

"मग कशाला आगीत हात घालतेस? आपल्याला हे काम लागतं. घरून करता येतं, ठकीजवळ राहता येतं. असं दुसरं कुठे मिळणार?" त्यानं पातेलं पालथं घातलं. "त्या इतकी वर्षं आहेत तिथे. त्यांना कोण काय करतंय."

तो वाईट माणूस नव्हता. तिला ऐकायचं होतं तेच तो बोलला, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कसं दिसतं हे तिला दिसलं.

गुरुवारी साडेदहाला सासूबाई गेल्या. ठकी आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "गाय." आई वाटी घेऊन बसली, गाणी म्हटली, चमच्याचं विमान केलं, आगगाडी केली. ठकी विमानाकडे अशी बघत होती, जणू याचं तिकीट आपण काढलेलंच नाही. तीन चमचे. अकरा वीसला तिनं माईंना फोन लावला.

"बोल गं."

"माई, मी काय म्हणत होते... आमच्याकडचं नेट त्या दिवशी जरा विचित्र वागत होतं. म्हणजे, त्याच्यामुळे तर काही झालं नसेल ना?"

"विचित्र म्हणजे?"

"म्हणजे... सावकाश. फार सावकाश."

"हो का," माई म्हणाल्या.

त्या 'हो का'मध्ये राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकून कुठे स्वल्पविराम आणि कुठे पूर्णविराम ते ओळखलं, तिनं आपला आवाज ऐकला, एवढं तिला कळलं. फोन ठेवल्यावर ती कपाटाच्या दाराला टेकून खाली बसली. ठकी आली आणि तिच्या तोंडात रिकामा चमचा घालू लागली.

शुक्रवारी ती साडेआठलाच ऑफिसात गेली. बसमध्ये एक वाक्य घोकलं होतं. विभागप्रमुख बाई नुकत्या येऊन कोट अडकवत होत्या. आयटीवाला खिडकीशी कागद घेऊन उभा.

"मंगळवारी माईंच्या नावानं मी आत गेले होते," ती उभ्यानंच म्हणाली.

बाईंनी कोट तसाच हातात धरला. "कुठून?"

"घरून."

"तुमचं घर परदेशात आहे?"

"नाही. ब्राउझरमध्ये एक बटण बसवलं होतं, देश बदलायचं. ते बंद करायचं राहिलं."

आयटीवाल्यानं मान वर केली. "ऑफिसच्या लॅपटॉपवर?"

"हो."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

घोकलेलं वाक्य आता कामाला आलं. "वैयक्तिक कारणासाठी."

बाई बसल्या. कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं नाही. "मी असं लिहिलं, तर वरचे लोक त्याचा काय अर्थ काढतील, तुम्हीच सांगा."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मुलीला जेवू घालायला. एक गोगलगाय आहे. टपाल वाटते. ती आपल्याकडे दिसायची बंद झाली. तिच्याशिवाय ती जेवत नाही. मुलगी, म्हणजे. गोगलगाय नाही."

आयटीवाला हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही, आणि ते जास्त कठीण गेलं. "किती दिवस?"

"अठरा."

"रोज?"

"घरून काम असेल त्या दिवशी."

बाईंनी लिहिलं. उलट्या बाजूनंही तिला वाचता आलं: 'लहान मुलांचा कार्यक्रम'. गोगलगाय लिहिली नाही, याचेसुद्धा उपकार वाटले.

"फुकटच्या बटणांमागे कोण बसलेलं असतं, सांगता येत नाही," आयटीवाला म्हणाला. "तुम्ही जे उघडलंत ते सगळं त्यांच्या दारातून गेलं. कुणी पाहिलं असेल, नसेलही. मला कळायचा मार्ग नाही." तो तिला रागावत नव्हता, नुसतं समजावत होता, शाळेतल्या मुलीला समजावावं तसं.

दहाला दोन मिनिटं कमी असताना माई आल्या. ठकीच्या आईला आत पाहून दारातच थांबल्या. बाईंनी सगळं त्यांना सांगितलं. माईंनी ऐकलं, पर्स उघडली आणि एक घडी केलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांची. तारीख मंगळवार, वेळ अकरा दहा ते बारा पाच.

"हे तुमच्याकडे बुधवारीच होतं?" बाईंनी विचारलं.

"होतं."

"मग दाखवलं का नाही?"

माईंनी पर्स मिटली. ठकीच्या आईनं त्या चिठ्ठीकडे पाहिलं. घड्या घालून घालून तिच्या कडा मऊ पडल्या होत्या.

निकाल तासाभरात लागला. माईंच्या नावे ताकीद, पासवर्ड दुसऱ्याला दिल्याबद्दल. नोकरी राहिली, अकरा महिने राहिले. ठकीच्या आईचं घरून काम बंद, सहा महिने तरी. रोज ऑफिसात, नजरेखाली. हात देण्याची रीत त्याच दुपारी संपली. सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि दर आठवड्याला बदलतील असं फळ्यावर लागलं. शेजारीण खुर्ची सरकवून काही सांगायला आली नाही.

आणि तीन पत्रं. ज्यांच्या फायली त्या दिवशी उघडल्या गेल्या त्या तिघांना दवाखान्यानं कळवायला हवं होतं. बाईंनी मजकूर बोलून ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुम्हीच टाइप करा." तिनं कानाला लावलं. 'आपली वैद्यकीय माहिती आमच्या चुकीमुळे बाहेरच्या व्यक्तीच्या हाती पडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' एक बाहत्तर वर्षांचे गृहस्थ होते, ज्यांनी आपला आजार मुलांना सांगू नका म्हणून डॉक्टरांना विनवलं होतं. एक शिक्षिका. आणि एक बाई, जिचं तिसरं मूलही पोटातच गेलं होतं. मंगळवारी ओल्या केसांनी तिनं हे सगळं ऐकलं होतं, टाइप केलं होतं, आणि ठकीच्या श्वासावर कान ठेवला होता. आता तिघांची नावं तिनं एकेक अक्षर तपासून लिहिली. चूक व्हायला नको म्हणून नाही. नजर वर करायला नको म्हणून.

जिन्यात माईंना गाठलं. "माई, मी..."

"दोन दिवस दिले होते मी तुला," माई जिना उतरता उतरता म्हणाल्या. कठडा चाचपत, सावकाश. "वाटलं होतं, बुधवारीच येशील. गुरुवारी फोन आला तेव्हा वाटलं, आता सांगेल. तू मला नेटचं सांगितलंस." एका पायरीवर थांबल्या. "आज दहाला चिठ्ठी दाखवणारच होते. मी काही देवता नाही."

"मी आले ना पण, माई."

"आलीस. दीड तास आधी आलीस." आणि त्या उतरून गेल्या.

घरी तिनं सासूबाईंना गोगलगाईपासून सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, उठल्या, फ्रिजवरची दोन पानं काढली, नीट घडी करून खणात ठेवली. टोमणा मारला नाही. उद्यापासून रोजच ठकी माझ्याकडे, एवढंच म्हणाल्या. आणि ठकी, बघा, पहिले चार दिवस रडून पाचव्या दिवशी आजीबरोबर खिडकीत बसून जेवायला लागली. रस्त्यानं लाल गाडी गेली की एक घास. आजीच्या म्हणण्याप्रमाणे लाल गाड्या कमी पडल्या की पिवळ्याही चालतात.

महिन्यानं डॉक्टरांनी नवीन टिंब काढलं. तीनशे ग्रॅम. रेष वर गेली होती. ठकीच्या आईनं फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर खिशातला फोन हातात घेऊन बसली. माई शेजारीच होत्या, कानाला लावून, बोटांची सर चालू. महिनाभर त्या कामाचं सगळं बोलत. हा शब्द असा लिही, ते डॉक्टर असं म्हणतात. दुसरं काही नाही. ठकी जेवते का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"माई," ती हळूच म्हणाली.

माईंनी एका कानाचा हेडफोन उचलला, पायानं पेडल सोडलं. "काही म्हणालीस?"

फोन हातात उजळला होता. नवं टिंब आणि वर चढणारी रेष.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

माईंनी हेडफोन परत लावला.